दिवा वाटेपलीकडे, चावी खिशात

विजय अहिरेची ही गोष्ट सिल्वासाजवळच्या सायलीतल्या त्याच्या कारखान्यात आता सगळ्यांना पाठ आहे, आणि ती पसरवली दुसऱ्या कुणी नाही, त्यानं स्वतःच. लोक पाठीमागं हसणारच होते. मग त्यानं ठरवलं, आपणच समोर उभं राहून सांगावी, निदान तपशील तरी बरोबर जातील. तपशिलाच्या बाबतीत हा माणूस पहिल्यापासून कडक.

तर तपशील असे. विजय इलेक्ट्रिकल मेंटेनन्सचा मॅनेजर. रंगासाठी लागणारी रसायनं बनवणारा कारखाना, बावीस वर्षांची नोकरी, हाताखाली चाळीस माणसं, आणि आवारात एकूण दिवे चार हजार सहाशे. झोपेतून उठवलं तरी हा आकडा तो सांगेल. आणि सिल्वासात नरोली रोडवर त्याचं स्वतःचं जे घर आहे, त्याच्या फाटकापाशी दिवे किती? शून्य. हाही आकडा त्याला पाठ होता, कारण त्याची बायको सुनीता तो रोज संध्याकाळी न चुकता ऐकवायची.

घराची रचना आधी समजून घ्या, नाहीतर पुढचा घोळ डोक्यावरून जाईल. फाटकातून आत आलं की गाडी येण्याची वाट लागते, बारा फूट रुंद, पेव्हर ब्लॉक घातलेली. वाटेच्या डावीकडे घर, आणि घराच्या भिंतीवर विजेची लोखंडी पेटी. वाटेच्या उजवीकडे कंपाउंडची भिंत आणि तिच्या टोकाला पायी येण्याजाण्याचं छोटं फाटक. अंधार होता तो त्या छोट्या फाटकापाशी. म्हणजे वीज डावीकडे, अंधार उजवीकडे, आणि मध्ये बारा फूट. कुणी साधा वायरमन असता तर त्यानं दुपारच्या चहाच्या आत वायर पलीकडे नेली असती. पण विजय साधा नव्हता ना! विजय इंजिनियर होता.

त्यामुळं त्यानं आठ महिने विचार केला. वायर वरून न्यावी? सोसायटीत पाण्याचा टँकर येतो, तो तोडून नेईल. जमिनीवरून टाकावी? रोज गाडीच्या चाकाखाली चेंगरेल, एक दिवस वरचं आवरण फाटेल, आणि मग काय होईल याचं वर्णन तो इतकं रंगवून करायचा की ऐकणाऱ्याला घरातला पंखाही बंद करावासा वाटे. खालून न्यावी? म्हणजे ब्लॉक उचला, दीड फूट खणा, पाइप घाला, वर वाळू, वर विटा, त्यावर इशाऱ्याची पिवळी पट्टी. हा मार्ग बरोबर होता, आणि बरोबर होता म्हणूनच होत नव्हता. आधी ड्रॉइंग काढायला हवं होतं. ड्रॉइंगसाठी माप घ्यायला हवं होतं. माप घ्यायला टेप सापडली, तोवर पावसाळा लागला.

“एक बल्ब लावायचाय हो,” सुनीता म्हणाली, “धरण नाही बांधायचं.”

हे असंच वर्षानुवर्षं चाललं असतं आणि कुणाचं काही बिघडलं नसतं, पण जूनमध्ये आबा आले. आबा म्हणजे विजयचे वडील. वय शहात्तर, सटाण्याकडच्या एका गावचे, वीज मंडळातले निवृत्त लाइनमन. विजयची आई गेल्यावर ते गावच्या घरात एकटेच भाकऱ्या थापत होते, त्यांना विजयनं जवळजवळ उचलूनच आणलं. सुरुवातीला सिल्वासा त्यांना मुळीच मानवलं नाही. मग त्यांना शोध लागला की सोसायटीच्या मागच्या चाळींत सगळे धुळे-नंदुरबारकडचे कामगार राहतात, आणि कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर संध्याकाळी पाच-सहा जण अहिराणीत गप्पा हाणत बसतात. झालं! आबांचा जीव रमला. रोज पाचला निघायचे, अंधारून आल्यावर परतायचे, आणि चेहरा इतका खुललेला असायचा की सुनीता विचारायची, “आबा, त्या टपरीवर नुसता चहाच मिळतो ना?”

नोव्हेंबरात एका संध्याकाळी आबा छोट्या फाटकापाशी पडले. डोळे अधू, तिथं एक आडमुठी पायरी, आणि दिवे शून्य. गुडघा सोलवटला, एवढंच. पण दुसऱ्या दिवसापासून पाच वाजले की आबा घरातच बसायला लागले. टीव्हीसमोर बसायचे आणि टीव्हीकडं बघायचे नाहीत. असे दहा-बारा दिवस गेल्यावर एका सकाळी म्हणाले, “विजू, मला गावाला सोड. इथं संध्याकाळ जात नाही रे.”

“आबा, मी दिवा लावतोय ना तिथं.”

“तुझ्या कारखान्यात किती दिवे आहेत?”

“चार हजार सहाशे.”

“हां,” आबा म्हणाले आणि उठून आत गेले.

त्या एका ‘हां’नं विजय जेवढा सोलवटला, तेवढा आबांचा गुडघाही सोलवटला नसेल. ज्या माणसानं उन्हापावसात खांबावर चढून गावांना उजेड दिला, त्याच्या पोराला बापाच्या पायाखाली उजेड पाडता येत नव्हता. आबांनी आपली निळी चेनची बॅग भरली, दाराजवळ ठेवली, आणि सोमवारची सकाळी सहाची नाशिकची गाडी ठरवली. दिवा लागला तर राहीन, असं काही ते म्हणाले नव्हते. पण नाही लागला तर जाणार हे नक्की होतं, आणि एकदा गेलेले आबा परत यायचे नाहीत हे घरात सगळ्यांना कळत होतं. विजयला तर त्या रिकाम्या घरात चुलीपुढं बसलेले आबा डोळ्यांसमोरून हलेनात.

आणि म्हणून डिसेंबरातल्या त्या रविवारी विजयनं आठ महिन्यांचा विचार एकदाचा थांबवला आणि कुदळ हातात घेतली.

पण थांबा. कुदळीच्या आधी कुलूप आलं.

कारखान्यात एक नियम आहे आणि तो विजयनंच आणला. विजेचं काम करणाऱ्यानं आधी स्विच बंद करायचा, त्याला आपलं लाल कुलूप घालायचं आणि कुलपाला एक कार्ड अडकवायचं. कार्डावर नाव, काम, आणि काम संपण्याची अंदाजे वेळ. चावी आपल्या खिशात. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं, म्हणजे तुमचा हात तारेवर असताना तिकडं कुणी शहाणा स्विच चालू करणार नाही. नियम सोन्यासारखा आहे, त्यानं माणसं जिवंत घरी जातात. विजयला त्याचा अभिमान होता. जरा जास्तच होता.

सहा महिन्यांपूर्वी कारभारी नावाचा त्याच्या हाताखालचा वायरमन कुलूप तसंच लटकत ठेवून घरी गेला. हा कारभारी साक्रीकडचा, राहायला विजयच्या सोसायटीमागच्याच चाळीत. मशीन बंद पडून राहिलं, फोरमन कटर घेऊन कुलूप तोडायला आला, तर विजय दोन्ही हात पसरून आडवा उभा. “कुलूप लटकतंय म्हणजे माणूस आतच आहे! घरी गेलेला दिसला तरी आतच आहे, असं समजायचं!” कारभारीला चाळीतून बोलावून आणला, त्यानं स्वतःच्या हातानं कुलूप काढलं, आणि दुसऱ्या दिवशी विजयनं त्याला चाळीस माणसांसमोर तो नियम मोठ्यानं वाचायला लावला. दोनदा. एकदा वाचून झालं होतं, मग दुसऱ्यांदा कशाला, असं आता विजयला विचारलं तर तो बुटाकडं बघतो.

तर त्या रविवारी साहेबांनी घराचा मेन स्विच पाडला. इन्व्हर्टरची लाइनही त्याच पेटीतून जात होती, तीही पाडली, कारण अर्धवट काम त्यांना चालत नाही. मग पेटीला लाल कुलूप.

“खणायला घराची वीज कशाला बंद करायला लागते?” सुनीतानं विचारलं.

विजयनं तिच्याकडं असं बघितलं, जणू तिनं रसायनाच्या टाकीपाशी काडी ओढली होती. मग सुवाच्य अक्षरात कार्ड भरलं. नाव: विजय भिका अहिरे. काम: आबांसाठी दिवा. संपण्याची अंदाजे वेळ: सायंकाळी ५. आबांनी जवळ येऊन, कार्ड डोळ्यांशी धरून, ओठ हलवत ते वाचलं.

“पाच?”

“पाच.”

आबांनी पोर्चमध्ये खुर्ची ओढली आणि बघत बसले. विजयनं ब्लॉक उचलले, बारा फूट वाट या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवी खणायला घेतली. दुपारपर्यंत हाताला फोड, पाठीत उसण, आणि खुर्चीतून सूचना. “सरळ खण. साप गेल्यासारखं काय खणतोस?” पण आबांच्या आवाजात बऱ्याच दिवसांनी धार आली होती, आणि ती ऐकून विजयला मनातून बरं वाटत होतं. तीन वाजता खड्डा पुरा झाला. दीड फूट खोल, अगदी ड्रॉइंगप्रमाणं. आता पाइप घालायचा, वायर ओढायची, दिवा बसवायचा. पाचला चहा दिव्याखाली घेऊ, असं तो म्हणालासुद्धा.

तेवढ्यात फोन वाजला. शिफ्ट इंजिनियर श्रीकांत होता.

“सर, मेन पॅनेल उडालंय. टाक्यांतले पंखे बंद आहेत, माल घट्ट व्हायला लागलाय. तुम्ही येता का?”

यायचं कसं? विजयची गाडी पोर्चमध्ये, रस्ता फाटकाबाहेर, आणि मध्ये त्यानं स्वतः मन लावून खणलेला खड्डा. आपल्याच गाडीला आपणच कोंडून ठेवणारा मॅनेजर उभ्या सायलीत दुसरा नसेल. शेवटी श्रीकांतनं कंपनीची जीप पाठवली आणि विजय मातीनं भरलेल्या पँटवरच तीत चढला. खड्ड्याला कठडा? दोरी? पाटी? कारखान्यात वीतभर खड्डा खणायचा तरी चौघांच्या सह्या लागतात, आणि त्यातली चौथी सही विजयची असते. घरी मात्र त्यानं जीपमधून नुसतं ओरडून सांगितलं, “खड्ड्याकडं लक्ष ठेवा जरा! पाचला आलोच!”

कारखान्यात मोबाइल गेटवरच जमा करावा लागतो. आत ज्वालाग्राही माल असतो, ठिणगी नको म्हणून. हाही नियम चांगला आहे, आणि हाही विजयनंच आणलेला. त्यानं फोन दिला, हेल्मेट घातलं, आत शिरला, आणि मग जग विसरला. खोटं कशाला बोला, त्याला मजा येत होती. पाच वाजता, म्हणजे कार्डावर लिहिलेल्या वेळेला, तो पॅनेलसमोर उभा राहून तीन नव्या पोरांना कुलपाचं महत्त्व समजावून सांगत होता.

साडेसहाला पॅनेल दुरुस्त झालं, नुसतं चालू करायचं बाकी होतं. श्रीकांत शिस्तीचा मुलगा. त्यानं एकेकाला आपापलं कुलूप काढायला लावलं आणि चाव्या तपासल्या.

“सर, तुमचं कुलूप?”

“माझं कुठलं? मी आज लावलंच नाही. माझं तर...” असं म्हणत विजयनं खिशात हात घातला, आणि बोटांना चावी लागली.

श्रीकांत सांगतो, सरांचा चेहरा पांढराफटक पडला, मला वाटलं शॉक बसला. बसलाच होता म्हणा. विजय गेटकडं पळत सुटला. फोन हातात घेतला तर सुनीताचे एकतीस मिस्ड कॉल. आणि आबांचा एक. आबा कधीच फोन करत नाहीत. त्यांच्या मते फोन हा पोरांनी बापाला करायचा असतो. सुनीताला लावला, बंद. आबांना लावला, रिंग वाजतेय, वाजतेय, उचलत कुणी नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

सायलीहून घर वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत विजयनं स्वतःला ज्या शिव्या घातल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. बाहेर काळोख पडला होता. घरात दिवा नाही, कारण चावी याच्या खिशात. दारात खड्डा. आणि आबांचे डोळे अधू. बाप पडू नये म्हणून दिवा, दिव्यासाठी खड्डा, खड्ड्यासाठी अंधार! आठ महिने डोकं चालवून या इंजिनियरनं स्वतःच्या बापासाठी सापळा तयार केला होता, आणि त्यावर सुवाच्य अक्षरात आपलं नावही लिहून ठेवलं होतं. त्याला भीती वाटत होती, साधी, लहान पोराला वाटते तशी. देवा, उद्या आबा गावाला गेले तरी चालेल, पण धडधाकट जाऊ देत, एवढंच तो पुटपुटत होता.

जीप थांबायच्या आधीच त्यानं उडी टाकली. घर काळंठिक्कर. आणि फाटकाच्या आत, खाली जमिनीलगत, एक बारीकसा उजेड हलत होता.

“थांब! विजू, थांब!” आबांचा आवाज आला.

आता ‘थांब’ या शब्दाचा अर्थ कळायला इंजिनियर असावं लागत नाही. पण विजयला शब्द ऐकूच आला नाही, नुसता बापाचा ओरडण्याचा आवाज ऐकू आला. आबा पडले, आबा हाका मारताहेत, असं समजून तो आणखी जोरात पळाला. उजेड थेट डोळ्यांत आला, डावा पाय पुढं पडला, आणि पायाखाली काहीच नव्हतं. दीड फूट, अगदी ड्रॉइंगप्रमाणं.

कडकन आवाज झाला तो पाइपचा असावा अशी त्याला दोन सेकंद आशा होती.

“थांब म्हटलं ना?” आबा म्हणाले. ते खड्ड्याच्या घराकडच्या बाजूला खुर्चीवर व्यवस्थित बसलेले होते. अंगावर शाल, हातात त्यांचा बटणांचा फोन, आणि फोनची टॉर्च खड्ड्यावर धरलेली. त्यांच्या पुढ्यात कपडे वाळत घालायची दोरी आडवी बांधली होती आणि तिच्यावर सुनीताच्या दोन लाल ओढण्या लटकत होत्या.

“आबा! तुम्ही बरे आहात ना?” विजय खड्ड्यातून म्हणाला.

“मला काय धाड भरलीय? तासभर बसलोय इथं. म्हटलं, हा अंधारात धावत येणार आणि पडणार. दोरी एका बाजूलाच पुरली, म्हणून दुसऱ्या बाजूला उजेड धरून बसलो.”

“मग फोन का नाही उचलला?”

“टॉर्च लावली की फोन घेता येत नाही. घेतला की टॉर्च विझते. विझल्यावर तुला खड्डा कोण दाखवणार?”

विजय तिथंच खड्ड्यात बसून रडला. पाय दुखत होता म्हणून, असं त्यानं चार दिवस सगळ्यांना सांगितलं. मग स्वतःच म्हणाला, नाही हो, पायासाठी नव्हतं ते.

तेवढ्यात सुनीता आली, आणि ती रडायला आलेली नव्हती. “या! आलात? अहो, फोन करकरून माझी बॅटरी संपली! शेवटी मागच्या चाळीतून कारभारीभाऊंना बोलावून आणलं, तर त्यांनी दोरी बांधली, ओढण्या टांगल्या, सगळं केलं. पण कुलूप? नाव नको! कटर घेऊन तासभर पेटीपाशी बसलेत. मी म्हणते, अहो, ते कंपनीत गेलेत. तर म्हणतात, नाही वहिनी, कुलूप लटकतंय म्हणजे साहेब आतच आहेत!”

अंधारातून कारभारी पुढं आला. हातात खरोखरच कटर होतं.

“नियम तुमनाच शे, साहेब,” तो म्हणाला. चेहऱ्यावर रेषासुद्धा हलली नाही. “दोनदा वाचलाय मी तो.”

विजयनं खड्ड्यातूनच चावी पुढं केली. “घे बाबा. काढ आता.”

“मी कसं काढू? ज्याचं त्यानंच.”

मग काय विचारता! कारभारीनं साहेबांना पाठीवर घेतलं, दोरी ओलांडून पेटीपाशी नेलं, भिंतीला टेकवून उभं केलं. चाळीस माणसांच्या मॅनेजरनं एका पायावर तोल सावरत आपलं कुलूप काढलं. घरात लख्ख उजेड पडला.

“उद्या वाचावा लागेल, साहेब,” कारभारी हळूच म्हणाला.

“वाचतो. सगळ्यांसमोर वाचतो.”

“दोनदा?”

“दोनदा.” विजयनं त्याच्या खांद्यावरचा हात काढला नाही. “कारभारी, तुला दुसऱ्यांदा वाचायला लावायला नको होतं रे. चुकलंच माझं.”

“ते नही, साहेब. दुसऱ्यांदा वाचलं म्हणून तर पाठ झालं.”

इकडं आबांना हसू आवरेना. खांदे गदगदा हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. इतक्या दिवसांत त्यांना कुणी असं हसताना पाहिलं नव्हतं.

“आमच्या वेळी कुलूप कुठलं?” ते म्हणाले. “खांबावर चढायचं तर खालचा फ्यूज उपसायचा आणि खिशात टाकायचा. फ्यूज माझ्या खिशात, मग वीज सोडणार कोण? एकदा असाच खांबावर होतो. खालून कुणीतरी ओरडलं, भिका, पोरगा झाला! उतरलो, सायकल काढली, सुटलो सटाण्याला दवाखान्यात. तुझं तोंड बघत बसलो आणि फ्यूज खिशात! अख्खं गाव रात्रभर काळोखात. आठ दिवस शिव्या खाल्ल्या.”

“हे मला कधी सांगितलं नाहीत, आबा.”

“काय सांगू? तू इंजिनियर झालास. म्हटलं, ह्याच्या हातून असं व्हायचं नाही.”

जीप उभीच होती. तिच्यातून सुनीतानं विजयला दवाखान्यात नेलं. निघताना आबा खिडकीपाशी आले. “ते कुलूप ठेवून जा. चावी पण. आणि कार्ड.” विजयनं तिन्ही वस्तू खिडकीतून दिल्या.

एक्स-रे निघाला, घोट्याजवळच्या हाडाला चीर होती. सहा आठवडे प्लॅस्टर. दोघं परत आले तेव्हा जीपच्या ड्रायव्हरनं फाटकाच्या बऱ्याच अलीकडून दिवे मंद केले, कारण समोर झगझगीत उजेड होता. छोट्या फाटकावर दिवा लागला होता. खड्डा बुजवलेला, ब्लॉक जागच्या जागी, आणि जरासे खालीवर झालेले दोन ब्लॉक कारभारी पायानं ठोकून बसवत होता. वायर बारा फूट पलीकडे गेली होती. आबा खुर्चीवरून अहिराणीत सूचना देत होते आणि कारभारी अहिराणीतच उलट उत्तरं देत होता.

“किती वेळ लागला?” विजयनं विचारलं. विचारायला नको होतं.

“दीड तास,” आबा म्हणाले. “त्यात चहाबी झाला.”

चार हजार सहाशे एक, विजयच्या मनात आलं. पण हा शेवटचा आपण लावलेला नाही, हेही आलंच. दिवा बापानं स्वतःसाठी स्वतःच लावून घेतला होता. आता अडवायला तोंड कुठं होतं? बॅग दाराजवळ भरलेली होती आणि गाडी सकाळी सहाची होती. गोळीच्या गुंगीत विजय तेवढंच घोकत झोपला, की पाचला उठायचं, निदान फाटकापर्यंत तरी सोडायला जायचं.

जाग आली तेव्हा साडेसात वाजले होते. तो धडपडत उठला. दाराजवळची निळी बॅग नव्हती. भिंत धरत, एका पायावर उड्या मारत तो आबांच्या खोलीपर्यंत गेला. खाट रिकामी होती, चादरीची घडी घातलेली. त्याला तिथंच खाटेवर बसावं लागलं. बाप गेला आणि आपण घोरत पडलो, यासारखी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मग त्याचं खाटेखाली लक्ष गेलं. निळी बॅग पार भिंतीपर्यंत आत सरकवलेली होती. तिच्या चेनीच्या दोन्ही कड्यांतून लाल कुलूप घातलेलं होतं, आणि कुलपाला कार्ड. त्यानं हात लांब करून बॅग ओढली. विजयचं सुवाच्य अक्षर पुसून आबांनी त्यावर आपल्या जाड, तिरप्या अक्षरात लिहिलं होतं. नाव: भिका तोताराम अहिरे, लाइनमन. काम: विजूला चालवणे. संपण्याची अंदाजे वेळ या रकान्यात आधी ‘सहा आठवडे’ लिहिलेलं होतं. त्यावर काट मारलेली होती आणि पुढं काहीच लिहिलेलं नव्हतं.

बाहेर अंगणात आबा दात घासत नव्या दिव्याकडं मान वर करून बघत होते. विजय खिडकीपाशी गेला.

“आबा, कुलपाची चावी?”

“खिशात,” आबा म्हणाले आणि चूळ भरायला नळाकडं गेले.